कोरी जागा

“काकू, पंधराव्या पानानंतर मराठी शब्दच नाहीत. कानडी परिच्छेद, खाली कोरी जागा, मधूनच अवतरणचिन्हं.” सरांच्या अनुवादाची फाइल न्यायला प्रकाशकांकडून आलेली तरन्नुम म्हणाली.

“असं कसं होईल?” सुमित्राबाई म्हणाल्या. वारले त्याच्या आदल्या दिवसापर्यंत सर टाइप करत होते. नवऱ्याची ती टकटक ऐकतच त्यांनी वर्षभर स्वयंपाक केला होता.

“फॉन्टची भानगड असेल.” तरन्नुमने एरवी न दिसणाऱ्या खुणा दाखवणारं बटण दाबलं आणि कोरी जागा ठिपक्यांनी भरून गेली. ओळीच ओळी, दोनशे पानं.

“हे काय गं?”

“स्पेसबार एकदा दाबला की एक ठिपका,” ती हळूच म्हणाली. “सरांनी दुसरं काही टाइपच केलेलं नाही.”

मूळ कादंबरीत जिथे जिथे कोणी बोलत होतं, तिथे सरांनी अवतरणचिन्हं मात्र न चुकता घातली होती. आत ठिपकेच. माणूस बोलतोय एवढं त्यांना कळत होतं. काय बोलतोय, ते समजेनासं झालं होतं.

सुमित्राबाई खुर्चीचा हात धरून उभ्या राहिल्या. रोज चार वाजता चहा ठेवून त्या इथेच काहीबाही सांगत बसायच्या. सर त्यांच्या ओठांकडे बघत राहायचे, आणि ओठ थांबले की हसायचे.

एक्केचाळीस वर्षांनी हा माणूस माझं ऐकायला लागला, असं त्यांनी बहिणीला फोनवर कौतुकाने सांगितलं होतं.