डावीकडे बर्फाचा डोंगर

“आई, त्याला सांग, त्याची बॅग माझ्या पायात येतेय,” धाकटा म्हणाला.

‘तो’ समोरच बसला होता. इतका समोर, की दोघांचे गुडघे एकमेकांना लागत होते. मध्ये हातभर टेबल, बाजूला आगगाडीच्या डब्याची थेट छपरापर्यंत चढत गेलेली काच, आणि काचेपलीकडे खोल दरी.

आईनं दरीवरची नजर उचलली नि शेजारच्या थोरल्याकडे वळवली. “तो म्हणतोय, तुला अडचण होत असेल. बॅग वर ठेवून देऊ का?”

“त्याला सांग, मला हात आहेत.”

“ठेवतोच म्हणाला हं,” तिनं धाकट्याला कळवलं.

धाकट्याशेजारी बसलेली थोरली सून तोंडावर रुमाल धरून हसली. बाकी कुणी हसलं नाही.

कारखान्यात असं होत नसे. तिथं मधोमध प्लायची भिंत होती. अलीकडे थोरला खुर्च्या घडवायचा, पलीकडे धाकटा त्यांना पॉलिश करायचा, आणि भिंतीच्या टोकाला स्टूल टाकून आई बसायची. भावाभावांचं बोलणं तुटल्यापासून खुर्च्या हमाल नेत होता आणि शब्द आई. करवतीच्या आवाजात पलीकडचं काही ऐकू जायचं नाही, हे देवानं बरंच केलं होतं. इकडून निघालेल्या मिरचीची तिकडे पोचेपर्यंत बडीशेप व्हायची.

इथं ना भिंत होती, ना करवत. दोघांनाही मिरचीही दिसत होती आणि बडीशेपही. पण आईची जीभ सवयीची. ती वळायची तिथं वळलीच.

बर्फाचा डोंगर बघायचा हट्ट तिनंच धरला होता. ‘दोघं मिळून दाखवा’ म्हणाली होती. हा हट्ट खरा होता. कधीपासूनचा होता. त्याच्या पोटात दुसरा एक होता, तो तिनं कुणाला सांगितला नव्हता. चालत्या गाडीतून रागारागानं उठून कुणाला घरी जाता येत नाही.

गाडी बोगद्यात शिरली. काचेचा आरसा झाला. त्यात आईला दोन्ही लेक दिसले. दोघंही एकमेकांकडे बघत नव्हते. दोघंही तिच्या तोंडाकडे बघत होते, पाणपोईवर ओंजळ धरून उभं राहावं तसे.

पूल बांधून ठेवलाय म्हटल्यावर नदीत पाय कोण घालील?

बोगदा संपला तेव्हा आईचे डोळे मिटलेले होते.

“आई, त्याला सांग...” धाकटा थांबला. “झोपली वाटतं. वहिनी, तुम्ही सांगा ना त्याला, हिच्या तोंडावर ऊन येतंय.”

“मला नका लावू त्या कामाला, भाऊजी. मला फोटो काढायचेत.” सुनेच्या चपला डब्याच्या टोकाकडे वाजत गेल्या.

पापण्यांवर ऊन चांगलंच भाजत होतं. आई हलली नाही.

“दादा, ऊन येतंय तिच्या तोंडावर.”

“दिसतंय मला.”

“मग धर की काहीतरी.”

“तुझ्याकडे शाल आहे. तू धर.”

कापड सळसळलं. पापण्यांवर सावली आली.

“तोंड आहे म्हणायचं तुला,” थोरला म्हणाला. “मग खुर्च्या परत पाठवल्यास तेव्हा तोंडानं सांगायला काय झालं होतं?”

“घासलेल्याच नव्हत्या त्या. पॉलिश काय माझ्या कपाळावर करू?”

“गिऱ्हाईक डोक्यावर बसलं होतं. घाई आहे, असं निक्षून सांगितलं होतं मी आईजवळ.”

“मला तर म्हणाली, दादा म्हणतोय सावकाश होऊ दे, जिवाला जप.”

“मी? जिवाला जप?”

“हो. मला वाटलं, टोमणा मारतोयस.”

थोरल्यानं हळूच विचारलं, “आणि कारखाना सोडून जातो म्हणालास, ते?”

“म्हणालो होतो. काय सांगितलं तिनं?”

“म्हणाली, थोडा फिरून येतो म्हणतोय.”

शालीखाली आईनं पापण्या आणखी घट्ट मिटल्या. आता दोघं मिळून आपल्यावर येणार, असं तिला वाटलं. येऊ देत. एकत्र तर येतील.

पण समोरून आधी एक फुसफुस ऐकू आली, मग शेजारून. टेबल हलायला लागलं. थोरला हसला की त्याचं पोट हलतं, आणि टेबल त्याच्या पोटाला लागून होतं.

“बारक्या,” हसू आवरत तो म्हणाला, “कितीदा रे केलं असेल हिनं असं?”

“मी तर काय काय बोललोय तुला, दादा. एकही पोचलं नसणार.”

“बोल आता. मी पोचवतो माझं मला.”

तेवढ्यात छपरातल्या स्पीकरमधून बाईचा गोड आवाज आला. डावीकडे बर्फाचा डोंगर दिसेल, थोडाच वेळ दिसेल, पुढच्या बोगद्यानंतर तो दिसत नाही. सगळा डबा डावीकडे लोटला. कुणीतरी ‘अगं आई गं’ म्हणालं. कुणाचं तरी बाळ टाळ्या पिटायला लागलं.

आई डावीकडच्याच खिडकीशी होती.

“अरे, उठव तिला,” धाकटा म्हणाला. “याच्यासाठीच आली ना ती.”

“उठवतो.” थोरल्याचा हात तिच्या खांद्यापर्यंत आला आणि तिथंच थांबला. “पण थांब. आधी तू सांग. जाणार होतास ते खरंच?”

धाकट्यानं तिच्या तोंडावरची शाल उगाच सारखी केली.

शालीतूनही पापण्यांच्या आत पांढरं पांढरं होत चाललं होतं. डोंगर अगदी काचेला येऊन टेकला असावा.

आईनं मान दुसऱ्या बाजूला टाकली आणि बारीकसं घोरून दाखवलं.