सेजची भजी

सत्याऐंशी साली आम्ही नॉटिंगहॅमला घर घेतलं. मागे सेजचा, म्हणजे तिथल्या एका उग्र वासाच्या मसाल्याच्या पाल्याचा, जुनाट वाफा होता. पानं जाड, लवदार, थेट आपल्या ओव्याच्या पानांसारखी. म्हटलं, भजी करावीत.

पानं कितीही धुतली तरी बुळबुळीतच. पुसली की पुन्हा ओली व्हायची, बोटांना लाळेसारखी तार सुटायची. वासही पारोशा तोंडाचा.

कुंपणापलीकडून शेजारच्या मिसेस पिम म्हणाल्या, "इथे पूर्वी मठाचा दवाखाना होता म्हणतात. तेव्हा लोक सेज डुकराच्या मांसात घालायचे आणि त्याच पानांनी दातही घासायचे. हिरड्या सडलेले रोगी यायचे ना इथे."

मला शिसारी आली. पण पीठ भिजवून झालं होतं, आणि अन्न टाकणं माझ्या रक्तात नाही.

संध्याकाळी जयंत हॉस्पिटलमधून आला. "सुलू, काय कुरकुरीत झालीयेत," म्हणत नवऱ्याने जवळजवळ सगळं ताट संपवलं. "तू घे ना."

मी उरलेलं एकच भजं तोंडात टाकलं. वरचं पीठ कढत होतं. आतलं पान मात्र कोमट, जिभेइतकंच कोमट. ते हळूच वळलं आणि माझ्या दातांवरून घासत फिरायला लागलं.

मी सिंककडे धावले, थुंकले. पिठाच्या लगद्यात एक काळा, किडका दात पडला होता.

जिभेने चाचपून पाहिलं. माझे सगळे दात जागेवर होते.

मागे जयंत अजून काहीतरी कडाकडा चावत होता. ताट तर केव्हाच रिकामं झालं होतं.