घर बघायला आलेली माणसं

सुनेत्राने लाल रंगाचा डबा उघडला, तशी भवानी येऊन हापशीला पाठ लावून उभी राहिली.

"आज नको, मॅडम. आज मुलीकडची माणसं घर बघायला येताहेत."

भवानीचा मुलगा विजयकुमार चेन्नईजवळ अंबत्तूरला कारखान्यात होता. पगार बरा होता. तरी नदीकाठच्या या गावात कोणी मुलगी द्यायला तयार नव्हतं. दारापर्यंत येणारी ही पहिलीच माणसं.

सुनेत्रा ब्रश हातात धरून थांबली. ती मूळची साताऱ्याची, पण चेन्नईच्या ऑफिसात राहून तमिळ आता तिच्या तोंडात बसली होती.

"अक्का, रिपोर्ट तुम्हीही ऐकलात. नदीच्या वरच्या अंगाला जुन्या बॅटऱ्या वितळवतात, ते सगळं नदीत येतं आणि नदीतून इथे मुरतं. शिसं आहे या पाण्यात. हापशीला लाल रंग दिला नाही तर लोक पीत राहतील."

"दिला तरी पितील. दुसरं आहे कुठं?"

ओट्यावर बसलेली कनका, भवानीची सासू, हसली. "आमच्या वेळी नदीत वाळू उकरली की करवंटीत पाणी आपोआप चढायचं. शहाळ्यासारखं गोड. तेव्हा मॅडम येत नव्हत्या. मग लॉऱ्या भरभरून वाळू गेली, मागोमाग पाणी गेलं, आणि मॅडम आल्या."

"अत्तै, तुम्ही गप्प बसा हो," भवानी सासूला म्हणाली.

"बसते. गप्पच तर बसले जन्मभर."

सुनेत्राने डब्याचं झाकण लावलं. "माझ्या जीपमध्ये पाण्याचा कॅन आहे. पाहुण्यांना निदान तो द्या."

"कॅन दिसला की पहिला प्रश्न तोच येईल," भवानी म्हणाली.

व्हॅन आली. केळी, विड्याची पानं आणि मोगरा यांची ताटं घेऊन बायका उतरल्या. मुलीची आई सीतालक्ष्मी सगळ्यांच्या पुढे होती. घरात न शिरता ती आधी हापशीपाशी आली.

"या कोण?"

"चेन्नईच्या मॅडम," भवानी म्हणाली. "पाणी तपासतात."

"मग बरंच झालं." सीतालक्ष्मी सुनेत्राकडे वळली. "माझी यामिनी इथं नांदायला यायची आहे. पाणी कसं आहे, मॅडम?"

भवानीच्या हातात पाहुण्यांसाठी भरलेला पेला होता. सुनेत्राने एकदा तिच्याकडे पाहिलं.

"पिण्यासारखं नाही. शिसं आहे. पोटातल्या बाळालासुद्धा बाधतं."

केळ्यांचं ताट धरलेली बाई मुकाट्याने व्हॅनकडे परत निघाली.

"थांब गं," सीतालक्ष्मी तिला म्हणाली. मग सुनेत्राला विचारलं, "दिसतं का ते शिसं?"

"नाही."

"वास?"

"नाही."

"साबणाला फेस येतो?"

"येतो," भवानी घाईने म्हणाली. "पुष्कळ येतो."

सीतालक्ष्मीने तिच्या हातून पेला घेतला आणि ओठ न लावता, वरून धार धरून, सगळा पिऊन टाकला.

"तुम्ही खरं सांगितलंत, मॅडम. आमच्याकडे कोणी सांगतही नाही. कातडी कमावण्याच्या कारखान्यांचं पाणी ते. पिवळं येतं. आंघोळ केली की अंग खाजतं. थोरली तिथंच जवळ दिली, तिच्या पोराला..." ती थांबली. पदराने तोंड पुसलं. "हिला तरी डोळ्यांना बरं दिसणारं मिळू दे."

"अहो, पण हे त्याहून..." सुनेत्रा म्हणू लागली.

सीतालक्ष्मीने पिशवीतून एक रिकामी बाटली काढून भवानीपुढे धरली.

"एवढी भरून द्या, विहीणबाई. यामिनीला दाखवते."

भवानी दांडा मारू लागली. बाटली भरल्यावर सीतालक्ष्मीने ती उन्हात वर धरली. बायका जवळ आल्या, माना वर करून बघू लागल्या. ताट घेऊन निघालेलीही परत आली.

पाण्यात काहीच दिसत नव्हतं.