भंगारातला व्हॉल्व्ह

"खोटं वाटेल तुम्हाला, जावईबापू!" कारखान्याच्या दुरुस्तीखोलीत म्हाताऱ्या मेकॅनिकने छाती फुगवली. त्याचा लाडका विजेच्या लहरी पडद्यावर दाखवणारा जुना ऑसिलोस्कोप जुन्या रेडिओत दिव्यासारखा पेटायचा तसल्या एका काचेच्या व्हॉल्व्हपायी वर्षभर आंधळा पडला होता. सगळे भंगारवाले पालथे घालून झाले होते. तसला व्हॉल्व्ह आता फक्त भिंतीपलीकडच्या गॅसगळतीच्या भोंग्यात उरलाय, असं जो तो सांगे. "आणि आज बघा, भंगाराच्या ढिगात पठ्ठ्या माझीच वाट बघत बसलेला!"

जावई हसला. त्याची आठ माणसं त्या भोंग्याच्या भरवशावर नुकतीच टाकीत उतरली होती. त्याने कौतुकाने व्हॉल्व्ह उचलला आणि चटका बसताच टेबलावर टाकला.



"मामा, भंगारातला व्हॉल्व्ह एवढा तापलेला कसा?"