उगारलेला खंजीर

"मारू नका, मुर्शद!" म्हातारा हैदरअली ओरडला, आणि कथेकरी मुर्शदची काठी हवेतच थांबली.

चहाखाना गच्च भरला होता. गोष्टीत शत्रूने तरण्याबांड फिरूजला आडवं पाडलं होतं, छातीवर खंजीर उगारला होता. आज तो मरणार म्हणून लोक रुमाल घेऊन आले होते. दुसऱ्याच्या पोरासाठी रडण्यासारखं सुख नाही.

हैदरअली लोकर कुटून नमदे करायचा. त्याचा एकुलता एक यूनुस लढाईवर गेला होता आणि त्याची काही खबर नव्हती. गोष्टीत फिरूज जिवंत आहे तोवर यूनुसही जिवंत, असं म्हाताऱ्याच्या मनाने घेतलं होतं. त्याने मुर्शदसाठी अक्रोड आणले, मध आणला, शेवटी घरचं कोकरूही आणलं. मुर्शदने अक्रोड आणि मध परत केले. कोकरू मात्र ठेवून घेतलं.

मग त्याने फिरूजला स्वप्न पाडलं, स्वप्नात राक्षस आणले, राक्षसांची लग्नं लावली. खंजीर उगारलेलाच राहिला.

"आम्ही इथे रडायला येतो, जांभया द्यायला नाही," कासिम खाटीक वैतागला. "अहो चाचा, गोष्ट आहे ती!"

"तुझी गोष्ट असेल. माझा पोरगा आहे."

हिवाळा असाच गेला. एके दिवशी मुर्शद बोलून गेला, "फिरूजच्या एका पायात जोडा नव्हता." बोलला आणि स्वतःच चपापला. हे त्याच्या उस्तादाने कधी शिकवलं नव्हतं, त्याने ठरवलंही नव्हतं. कोपऱ्यात म्हाताऱ्याने हातातला चहा न पिताच खाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी हैदरअली प्रथमच पुढे येऊन बसला. साखरेचा खडा दातात धरून त्याने सावकाश चहा संपवला.

"मुर्शद, आज मारा त्याला."

चहाखान्यात एकच गलका झाला. कासिमने म्हाताऱ्याला मिठी मारली. "यूनुस आला? चाचा, घरी आला यूनुस?"

"आला होता पहाटे. दारातच उभा राहिला. एक पाय अनवाणी, छातीवर खंजीर तसाच." म्हाताऱ्याने मुर्शदच्या काठीकडे पाहिलं. "म्हणाला, बाबा, मुर्शदना सांगा, आता हात खाली आणा. अख्खा हिवाळा मरतोय मी."