हीटरचा व्हॉल्व्ह

गाडीच्या हीटरचा व्हॉल्व्ह गळत होता आणि डॅशबोर्डखालून गरम पाण्याचे थेंब थेट कौमुदीच्या पावलांवर पडत होते. "उद्या रेवाच्या अंगावर उडालं तर?" म्हणून ती तीन महिने नवऱ्याच्या कानीकपाळी ओरडत होती, आणि उमाकांत "बघू गं" म्हणत पेपरात डोकं खुपसत होता. शेवटी तीच तान्ह्या रेवाला घेऊन मैलापूरला वेंकटच्या गॅरेजात गेली.

"वेंकट अण्णा, तो व्हॉल्व्ह काढून टाका आणि दोन्ही पाइप सरळ जोडा. चेन्नैत हीटर कोण लावतंय?"

"नाही अम्मा, सरांचा सकाळीच फोन आला होता. व्हॉल्व्ह नवा, ओरिजिनलच घाल म्हणाले. पाइपाच्या क्लिपासुद्धा तारेच्या नकोत, स्टीलच्या, स्क्रूच्या हव्यात. आणि हीटर चालवून बघ म्हणाले."

कौमुदी विरघळलीच. वायपर बदलायला दोन पावसाळे लावणारा माणूस, पण लेकीसाठी पार क्लिपांपर्यंत विचार केलान! उगाच आपण घालूनपाडून बोललो बिचाऱ्याला, असं तिला वाटून गेलं.

"आमचे साहेब म्हणजे ना, एकदा काळजी करायला लागले की अशी करतात," ती हसत म्हणाली. "आता या उकाड्यात हीटर चालवून काय करायचंय?"

वेंकटने शेवटची क्लिप आवळली. "इथे नाही अम्मा, दिल्लीत. एक तारखेला सर बदलीवर एकटेच चाललेत ना... तुम्हीच बरोबर यायला नको म्हणालात, असं सांगत होते."