रिकाम्या पानावरचा पाच

"आठ," जयवंत म्हणाला. त्याला तीन दिसत होता.

डॉक्टरांनी पान उलटलं. पुन्हा तीच रंगीत ठिपक्यांची दाटी. जयवंतला त्यात सत्तर दिसले. "एकोणतीस," तो म्हणाला. त्याच्या पुढच्या पानावर एकवीस दिसले. "चौऱ्याहत्तर."

"शाबास," डॉक्टर म्हणाले. रेल्वेच्या दवाखान्यात ते इंजिनात कोळसा टाकणाऱ्या फायरमनच्या जागेसाठी आलेल्या पोरांचे डोळे तपासत होते. फायरमनचा पुढे ड्रायव्हर होतो, म्हणून रंग ओळखता येणं भाग होतं. भांडुपच्या चाळीत जयवंतच्या वडिलांनी, लवूने, आधीच सगळ्यांना सांगून टाकलं होतं, "आमचो झील गाडी चालवतलो." गिरणीतल्या कापसाने लवूची छाती धरली होती. काम आता झेपत नव्हतं. त्याने घरी बसायच्या आत जयवंतला नोकरी लागायला हवी होती.

जयवंतला तांबडा आणि हिरवा वेगवेगळे दिसत नसत. लहानपणी गावी आई त्याला पिकल्या मिरच्या तोडायला पाठवायची, आणि तो कच्च्या-पिकल्या सगळ्याच ओरबाडून आणायचा. आई त्याला वेंधळा म्हणे. खरं काय ते फक्त त्याच्या थोरल्या बहिणीला, रत्नप्रभेला, कळलं होतं.

शेजारचा चंद्रप्रकाश घाटकोपरला डोळ्यांच्या डॉक्टरकडे कंपाउंडर होता. एका रविवारी तो हेच ठिपक्यांचं पुस्तक घरी घेऊन आला. रत्नप्रभा भावाला घेऊन बसली. प्रत्येक पानावर तिला काय दिसतं आणि त्याला काय दिसतं, याच्या तिने जोड्या लावल्या.

"तीन दिसला की आठ म्हणायचं. पाढे पाठ केलेस ना, तसंच हे."

"आणि सिग्नल?"

"ते तुझं तू बघ बाबा."

"दिवा वर लागलाय की खाली, त्यावरून ओळखेन," जयवंत म्हणाला. तो विषय तिथेच मिटला.

एका पानाशी मात्र दोघं अडली.

"हे रिकामं आहे," रत्नप्रभा म्हणाली.

"रिकामं कसं? पाच आहे. केवढा मोठा."

"कुठे? भुतं दिसायला लागली काय रे तुला?"

चंद्रप्रकाश हसला. "ते पान उलटं आहे. धड डोळ्यांना तिथे नुसते ठिपके दिसतात. रंगांचा गोंधळ असेल त्यालाच पाच दिसतो. तिथेच तर पकडतात."

"मग तिथे 'काही नाही' म्हणायचं," रत्नप्रभेने ठरवून टाकलं.

आता तेच पान समोर आलं होतं. पाच स्वच्छ दिसत होता. उत्तर जयवंतच्या जिभेवर तयार होतं, पण ते बाहेर पडेना. बाकीच्या पानांवर त्याने एका आकड्याच्या जागी दुसरा ठेवला होता. त्याचं त्याला काही वाटलं नव्हतं. इथे ठेवायला दुसरा आकडा नव्हता. इथे जे होतं तेच नाही म्हणायचं होतं. त्या खोलीत हा पाच त्याच्या एकट्यालाच दिसत होता. त्यानेही नाही म्हटलं, तर तो कुठेच उरणार नव्हता.

"काय दिसतं?" डॉक्टरांनी विचारलं.

"पाच."

डॉक्टरांची पेन्सिल थांबली. "नीट बघ. घाई नाही."

"पाचच आहे, डॉक्टरसाहेब."

"मग आधीची पानं बरोबर कशी आली?"

"पाठ केली होती."

डॉक्टरांनी पुस्तक मिटलं. "इथे 'काही नाही' म्हणाला असतास तर मी पास केलं असतं तुला. ठाऊक होतं?"

"होतं."

डॉक्टरांचा आवाज मऊ झाला. "गाडीत माणसं असतात, त्यांच्या जिवाचा विचार केलास. फार मोठी गोष्ट आहे ही. मी वरच्या साहेबांना तसं कळवतो. अशा मुलासाठी ते ऑफिसात एखादी जागा काढतील. तसंच ना? माणसांसाठीच बोललास ना?"

नुसती मान हलवायची होती. जयवंतला वडिलांचा खोकला आठवला. ऑफिसातली नोकरी म्हणजे चाळीत इंजिनापेक्षाही वरचा मान. आणि डॉक्टरांनी तर उत्तरसुद्धा तयार करून हातात दिलं होतं.

"नाही, डॉक्टरसाहेब," तो म्हणाला. "ती माणसं मला आत्ता, तुम्ही म्हणालात तेव्हा दिसली."